कांद्याची पेशी हिरवी का नसते? वनस्पती पेशी आणि प्राणी पेशी मुलांना समजावताना

प्रश्न मुलुंडच्या एका आईचा आहे. लेक सातवीत, मराठी माध्यमात. वनस्पती पेशी आणि प्राणी पेशी यांच्यातल्या फरकाचा तक्ता तिला तोंडपाठ आहे. तरी चाचणीत तंतुकणिकांवर (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांवर) 'तंतुकणिका कोणत्या पेशीत असतात?' असा प्रश्न होता, त्याला तिने 'फक्त प्राणी पेशीत' असं उत्तर लिहिलं. पुढच्या आठवड्यात शाळेत कांद्याची पेशी पाहून आली आणि घरी येऊन म्हणाली, "आई, कांदा तर वनस्पती आहे. मग हरितलवकं कुठे गेली?" आईचं विचारणं असं, की हे घरी कसं समजवावं आणि कितपत समजवावं.

ताई, आधी त्या चुकीकडे बघू. मी हा धडा बरीच वर्षं शिकवते आहे आणि ही चूक मला दर वर्षी कुठल्या ना कुठल्या वहीत भेटते. मुलगी कच्ची आहे म्हणून ती होत नाही, तक्त्यामुळे होते. तक्त्याला दोन रकाने असतात. एकात 'हरितलवके (अन्न बनवणारे हिरवे कण) असतात' आणि समोर 'हरितलवके नसतात' असं लिहिलं, की मूल मनातल्या मनात हिशेब जुळवायला लागतं. वनस्पतीला काही जास्तीचं मिळालं, तर प्राण्यालाही बदल्यात काहीतरी मिळालं असणार! हरितलवक आणि तंतुकणिका या दोघांचाही ऊर्जेशी संबंध आहे, हे त्याच धड्यात वाचलेलं असतं. मग वाटणी आपोआप होते.

ती मोडायला स्वयंपाकघर पुरतं. मटकी भिजवून फडक्यात बांधून ठेवता ना? तिथे ऊन नाही, दाण्यात हिरवं काही नाही, तरी दुसऱ्या दिवशी मोड आलेले असतात. मोड वाढवायला ऊर्जा लागते. ती दाण्यात साठवलेलं अन्न प्राणवायूच्या मदतीने वापरून मिळते आणि हे काम मुख्यतः तंतुकणिकांमध्ये चालतं. भरपूर कडधान्य एकत्र बांधलेलं असेल तर गाठोडं सोडताना आतून कोमट लागतं. लेकीला हात लावून बघू द्या. मग विचारा: जमिनीखालचं मूळ रात्रंदिवस अंधारात असतं, ते कशावर जगतं? पान रात्री काय करतं? उत्तर ती स्वतः देईल. हरितलवक साखर बनवतं आणि त्या साखरेतून कामापुरती ऊर्जा मोकळी करण्याचं काम तंतुकणिका करते. प्राणी पहिलं काम करत नाही, बाहेरून खातो. दुसरं काम दोघांनाही करावंच लागतं.

म्हणून घरी सुरुवात फरकापासून करू नका. दोन्ही पेशींना प्रद्रव्यपटल, म्हणजे पातळ आवरण, असतं, पेशीद्रव्य असतं, केंद्रक असतं, तंतुकणिका असतात. रायबोझोम, आंतर्द्रव्यजालिका, गॉल्जी संकुल ही बाकीची अंगकं, म्हणजे पेशीतले छोटे कामकरी भाग, हेही दोन्हीकडे असतं. एवढं सगळं सारखं आहे हे एकदा नीट बसलं, की फरकाच्या गोष्टी बोटांवर मोजण्याइतक्या उरतात.

हे सारखेपण कुठून आलं, हे मोठ्या मुलांना मी सांगते आणि सातवीतलं चौकस मूलही ते आवडीने ऐकतं. तंतुकणिका आणि हरितलवकं ही दोन्ही फार फार पूर्वी स्वतंत्र जगणारे जीवाणू होती. एका मोठ्या पेशीने त्यांना आत घेतलं, पण ती पचली नाहीत, तिथेच राहिली. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये ही कल्पना जोरकसपणे मांडली, तेव्हा बऱ्याच जणांना ती पटली नव्हती. आज ती सर्वमान्य आहे. दोन्ही अंगकांना स्वतःचा डीएनए आहे, हा तिचा मोठा आधार. यात क्रम महत्त्वाचा आहे. तंतुकणिका आधी आली, म्हणून ती वनस्पती, प्राणी, बुरशी सगळ्यांकडे आहे. हरितलवक नंतर आलं आणि ते सुरुवातीला फक्त एका शाखेकडे. म्हणजे वनस्पतीने तंतुकणिका देऊन हरितलवक घेतलं असं काही झालंच नाही. आहे त्यावर आणखी एक आलं.

आता फरक. पेशीभित्तिका (बाहेरची कडक भिंत), मोठी रिक्तिका (आतली पाण्याची पिशवी) आणि हरितलवक हे तीन सुटे मुद्दे म्हणून पाठ केले की विसरतात. एका प्रश्नाला बांधले की राहतात. प्रश्न असा: जो जीव जागचा हलू शकत नाही आणि ज्याला अन्न स्वतःच बनवायचं आहे, त्याच्या पेशीला काय काय लागेल? उन्हासाठी उंच वाढावं लागेल, पान पसरून धरावं लागेल, वारा-पाऊस सोसावा लागेल. हाडं नाहीत. मग ताठपणा पेशीतूनच यायला हवा.

तो भित्तिकेतून येतो. तिचा मुख्य पदार्थ सेल्युलोज. तो मुलांना दाखवायला कापसासारखी सोपी वस्तू नाही. देवघरातल्या वातीतून एक तंतू चिमटीने ओढून काढा. कापसाच्या बीच्या सालीवरची एक पेशी लांबत लांबत अडीच-तीन सेंटिमीटर होते, तो हा तंतू. एक तंतू, एक पेशी. ती कधीच मेली आहे, आतलं सगळं वाळून गेलं आहे, हातात उरली आहे ती नव्वद टक्क्यांहून जास्त सेल्युलोज असलेली भित्तिका. सूक्ष्मदर्शकाखाली तो तंतू पिळ पडलेल्या चपट्या फितीसारखा दिसतो आणि तो पिळ आहे म्हणून सूत कातता येतं. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत पहिली कापडगिरणी काढली. पुढे परळ-लालबागच्या गिरण्यांमधून पिढ्यानपिढ्या जे कातलं गेलं ती वनस्पती पेशीची भित्तिकाच. गिरणगावात आजोबा-पणजोबा काम करून गेलेल्या घरातल्या मुलाला हे सांगितलं की ते पुन्हा विसरत नाही.

सोबत एक छोटी गोष्ट करता येते, मोठ्या माणसाने, ओट्यापाशी. सुती दोरा, कागदाचा कपटा आणि कंगव्यातला केस चिमट्यात धरून एकेक जाळा. दोरा आणि कागद सारखेच जळतात, वासही सारखा, कारण दोन्ही सेल्युलोज. केस आकसतो आणि घाण वास येतो. केसही मेलेल्या पेशींचाच, पण त्या पेशींना भित्तिका नव्हती. त्यांच्यात केराटिन हे प्रथिन भरलेलं असतं.

इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हुकने १६६५ मध्ये बुचाच्या पातळ कापात जे कप्पे पाहिले, तेही मेलेल्या पेशींच्या भिंतीच होत्या. आत काहीच शिल्लक नव्हतं. जर्मन शास्त्रज्ञ श्लायडेनने १८३८ मध्ये सगळ्या वनस्पती पेशींच्या बनलेल्या असतात असं मांडलं आणि श्वानने १८३९ मध्ये तेच प्राण्यांना लागू केलं. वनस्पतींचा नंबर आधी लागला यात नवल नाही. भिंत असली की पेशीची सीमा स्पष्ट दिसते. प्राण्याच्या मांसाचा काप रंग न देता बघितला तर काहीच धड कळत नाही. तुमच्या लेकीला कांद्याची स्लाइड लगेच कळेल आणि गालाची पटकन दिसणार नाही, त्याचंही कारण हेच आहे.

मग प्राण्याने भित्तिका का नाही ठेवली? ठेवली असती तर स्नायू आखडला नसता, पांढरी पेशी जीवाणूला कवेत घेऊन गिळू शकली नसती, तांबडी पेशी स्वतःपेक्षा अरुंद केशवाहिनीतून वाकून गेली नसती. हलायचं आणि खायचं तर पेशी मऊ हवी. आधारासाठी प्राण्याने हाडं आणि पेशींबाहेरचे प्रथिनांचे धागे असा वेगळा बंदोबस्त केला.

भित्तिका एकटी पान ताठ ठेवत नाही, हा भाग पुस्तकात घाईने उरकलेला असतो. सायकलचा टायर आठवा. नुसती ट्यूब भरत गेलो तर फुगून फुटते. नुसता टायर लुळा पडतो. ट्यूब टायरच्या आत भरली की दोन्ही मिळून दगडासारखं घट्ट होतं. वनस्पती पेशीत टायरच्या जागी भित्तिका असते आणि आतून दाब देणारी असते पाण्याने भरलेली रिक्तिका. वाढ पूर्ण झालेल्या पेशीत एकच मोठी रिक्तिका पेशीची ऐंशी-नव्वद टक्के जागा व्यापू शकते. कोथिंबिरीची जुडी दुपारी मान टाकते, तेव्हा भित्तिका जशीच्या तशी असते, कमी झालेलं असतं ते आतलं पाणी. देठ पाण्यात ठेवले की तासा-दोन तासांत पुन्हा उभी राहते. दादरच्या भाजीवाल्या मावशी पाल्यावर सारखं पाणी का मारतात, हे लेकीलाच विचारा.

प्राणी पेशीची गत वेगळी. तांबडी पेशी साध्या पाण्यात टाकली तर पाणी आत शिरत जातं आणि ती फुटते, कारण बाहेरून आवरणारा टायर नाही. म्हणूनच दवाखान्यात नुसतं पाणी शिरेतून देत नाहीत, ०.९ टक्के मीठ असलेलं सलाईन देतात. गोड्या पाण्यातल्या अमिबाला भित्तिका नाही, म्हणून तो संकोची रिक्तिकेने आत शिरणारं पाणी सतत बाहेर टाकत बसतो.

आता प्रत्यक्ष बघण्याकडे येऊ. यातच खरी मजा आहे आणि यातच मुलांचा गोंधळही होतो.

सूक्ष्मदर्शक घरी नसेल तर फोल्डस्कोप पुरतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मनू प्रकाश यांच्या गटाने २०१४ मध्ये पुढे आणलेला हा कागदी घडीचा सूक्ष्मदर्शक सुमारे १४० पट मोठं दाखवतो. कांदा आणि पानाची साल त्यात छान दिसते, गालाच्या पेशीला मात्र शाळेतला चारशे पटीचा बरा. स्लाइड आणि कव्हरस्लिप प्रिन्सेस स्ट्रीटला मिळतात. रंगासाठी कुठे लांब जायला नको. कांद्याला औषधाच्या दुकानातलं पोव्हिडोन आयोडीन पाणी घालून पातळ करून चालतं. गालाच्या पेशीला मिथिलिन ब्ल्यू लागतो, तो माशांच्या आजारावर देतात म्हणून अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात सहज मिळतो. क्रॉफर्ड मार्केटकडे गेलात तर तिथूनच हायड्रिलाची एक काडीही घेऊन या, ती पुढे लागेल.

कांदा उभा चिरून एक जाडसर पाकळी घ्या. ती आतल्या खोलगट बाजूकडे मोडा. मोडलेल्या कडेला पारदर्शक पापुद्रा लोंबतो, तो चिमट्याने अलगद ओढा आणि लगेच पाण्यात टाका, नाहीतर सुरळी होते. स्लाइडवर पाण्याचा थेंब, त्यावर पापुद्रा, आयोडीनचा थेंब, आणि कव्हरस्लिप एका कडेने टेकवून सुईच्या आधाराने हळूहळू खाली. धाडकन टाकली तर हवेचे बुडबुडे अडकतात. काळ्या जाड कडेचे, अगदी गोल, फार सुंदर दिसणारे ते बुडबुडे मुलं दर वर्षी पेशी म्हणून वहीत काढतात. केंद्रकाला नावसुद्धा देतात! लेकीला आधी मुद्दाम एक बुडबुडा करून दाखवा, मग फसणार नाही.

आता पेशीत पिवळट-तपकिरी केंद्रक शोधायला सांगा आणि एकच प्रश्न विचारा: ते मध्यभागी आहे की कडेला? बहुतेक पेशींत ते भिंतीला चिकटलेलं दिसेल. काहींत मध्यभागी दिसेल, कारण आपण वरून बघतो आणि ते वरच्या किंवा खालच्या भिंतीला टेकलेलं असतं. कडेला का गेलं? मधली जागा कशाने अडवली आहे? तिथे तर काहीच दिसत नाही. ते 'काहीच नाही' म्हणजे रिक्तिका. पेशीद्रव्य आणि केंद्रक तिच्या दाबाने भिंतीकडे सरकले आहेत. न दिसणारी गोष्ट दिसणाऱ्या गोष्टीच्या जागेवरून ओळखायची, हे मुलाला एकदा जमलं की शिक्षकाचं निम्मं काम झालं असं मी समजते. यानंतर गालाची पेशी बघितली की फरक आपोआप सापडतो. चूळ भरून, स्वच्छ कान-काडीने गालाच्या आतून हलकेच पुसून घ्या, स्लाइडवर फिरवा, थोडं वाळू द्या, मिथिलिन ब्ल्यूचा थेंब टाका. प्रत्येकाची काडी वेगळी आणि वापरून लगेच कचऱ्यात. चपट्या, वेड्यावाकड्या कडांच्या पेशी दिसतात, काहींची कड दुमडलेली असते आणि निळं केंद्रक मधोमध. त्याला ढकलणारं कुणी नाही.

रिक्तिका खरोखर बघायची असेल तर त्याला एक झाड आहे. मुंबईच्या कॉलेजांतल्या प्रयोगशाळा वर्षानुवर्षं त्याच्यावर चालल्या आहेत. ऱ्हिओ. नाव माहीत नसेल, पण झाड तुम्ही रोज बघता: सोसायटीच्या कुंपणालगत, रस्त्याच्या दुभाजकावर, तलवारीसारखी लांब पानं, वरून हिरवी आणि खालून गडद जांभळी. पान तिरकं फाडा, फाटलेल्या कडेला खालच्या बाजूचा जांभळा पातळ पापुद्रा सुटतो. त्याच्या रसाने काहींच्या हाताला खाज येते, म्हणून नंतर हात धुवायचे. पाण्यात स्लाइड करा. जांभळ्या फरशीसारख्या पेशी दिसतील आणि मधूनमधून हिरवे ठिपके असलेल्या रक्षकपेशींच्या जोड्या, म्हणजे पर्णरंध्रं. तो जांभळा रंग रिक्तिकेतल्या पाण्यात विरघळलेला आहे. म्हणजे निसर्गाने रिक्तिका आपल्यासाठी आधीच रंगवून ठेवली आहे.

अर्ध्या पेल्यात चमचाभर मीठ विरघळवा. कव्हरस्लिपच्या एका कडेला त्याचा थेंब सोडा आणि दुसऱ्या कडेला टिपकागद लावा, म्हणजे खारं पाणी आत ओढलं जाईल. डोळा भिंगावरून काढू नका. काही मिनिटांत जांभळा भाग कोपऱ्यांतून सुटायला लागतो, आकसतो, गडद होतो आणि शेवटी पेशीच्या मधोमध जांभळा गोळा राहतो. भित्तिका हललेली नसते, तशीच चौकट धरून उभी. भित्तिका आणि प्रद्रव्यपटल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पुस्तकातल्या कोणत्याही आकृतीतून इतकं स्वच्छ कळत नाही, कारण एरवी दोन्ही चिकटून असतात. लगेच साधं पाणी त्याच पद्धतीने ओढून घेतलं, तर बऱ्याच पेशी पुन्हा भरतात. फार वेळ मिठात राहिल्या असतील तर भरत नाहीत, त्या मेल्या. काकडीच्या कोशिंबिरीला मीठ घातल्यावर पाणी सुटतं ते हेच.

इथे लेक विचारील, मग खाडीतली तिवरं कशी जगतात? विचारलं तर सांगा. तिवराच्या पेशी आतल्या रसात इतके क्षार आणि विरघळलेले पदार्थ साठवतात की खाऱ्या पाण्यातूनही पाणी आतच येतं, आणि जास्तीचं मीठ पानांतल्या ग्रंथी बाहेर टाकतात. माहीम किंवा विक्रोळीच्या बाजूला कोरड्या दिवसांत पानावर मिठाचे बारीक कण दिसतात.

आता तुमच्या लेकीचा मूळ प्रश्न. कांद्यात हरितलवकं नाहीत, कारण आपण जो कांदा खातो तो जमिनीत वाढतो आणि त्या पाकळ्यांचं काम साठवण हे आहे. हरितलवक 'वनस्पतीत' असतं असं म्हणणं ढोबळ आहे. ते वनस्पतीच्या ज्या भागाला ऊन मिळतं आणि जिथे अन्न बनतं तिथे असतं. त्याच कांद्याची पात हिरवीगार असते. बटाटा कापून सुरीने थोडं खरवडा, आयोडीन टाका: निळे-काळे अंडाकार दाणे दिसतील, ते स्टार्चचे. ते हरितलवकांचेच भाऊबंद असलेल्या ज्या लवकांत साठतात त्यांना रंग नसतो. बटाटा उजेडात ठेवला की हिरवा पडतो, कारण यांतली काही लवकं हरितलवकं होतात. असा हिरवा बटाटा मात्र भाजीत घालू नये. प्राणी साखर साठवतो ती ग्लायकोजेनच्या रूपात, यकृतात आणि स्नायूंत. आयोडीनने ती निळी-काळी होत नाही.

हरितलवक बघायला हायड्रिला. कोवळं पान तोडून पाण्याच्या थेंबात ठेवायचं, काहीच कापायला नको, कारण पान दोनच पेशी जाड असतं. हिरवे गोलसर दाणे, एकेक साधारण पाच मायक्रोमीटरचा. दिव्याच्या उबेत थोडा वेळ थांबलात तर ते दाणे भिंतीच्या कडेकडेने ओळीने सरकायला लागतात, कारण पेशीद्रव्यच वाहत असतं. वनस्पती जागची हलत नाही म्हणून तिच्या पेशीत सगळं थिजलेलं असतं, असा समज यानंतर उरत नाही. तंतुकणिका मात्र अशा सूक्ष्मदर्शकात दिसणार नाहीत. त्या फार बारीक असतात आणि त्यांना वेगळे रंग लागतात. पुस्तकातली रंगीत आकृती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या चित्रांवरून काढलेली असते, हे मुलांना सांगून टाकावं. नाहीतर न दिसलेल्या गोष्टी 'निरीक्षण' म्हणून वहीत येतात.

तक्त्यातल्या काही ओळी परीक्षेपुरत्या खऱ्या आहेत. 'वनस्पती पेशी आयताकृती, प्राणी पेशी गोल' ही मला सगळ्यांत नावडती. रक्षकपेशी घेवड्याच्या दाण्यासारखी असते. पाठीच्या कण्यापासून पायापर्यंत जाणारी आपली चेतापेशी जवळजवळ मीटरभर लांब असते. ती कुठून गोल? 'तारककाय (पेशीविभाजनात मदत करणारं अंगक) फक्त प्राणी पेशीत' हेही सपुष्प वनस्पतींपुरतंच बरोबर आहे. पावसाळ्यात सोसायटीच्या भिंतीवर हिरवी मखमल चढते त्या मॉसच्या नर पेशी पावसाच्या पाण्याच्या थरातून पोहत जातात आणि त्यांच्यात तारककेंद्रं, म्हणजे तारककायातले मुख्य भाग, असतात. 'भित्तिका म्हणजे वनस्पती' हे तर साफ चूक. जीवाणूंना भित्तिका आहे, शिळ्या पावावरच्या बुरशीलाही आहे. बुरशीची कायटिनची असते. कोळंबीच्या कवचातही कायटिन असतं, पण तिथे ते पेशींच्या बाहेर आहे, कोळंबीच्या पेशींना भित्तिका नसते. युग्लीना हा एकपेशीय जीव तर मुलांना फार आवडतो: हरितलवकं आहेत, पेशीभित्तिका नाही, आणि पोहत फिरतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची एक हिरवी समुद्री गोगलगाय शेवाळ खाते, त्यातली हरितलवकं स्वतःच्या आतड्याच्या पेशींत महिनोन्महिने ठेवते. तिला कुठल्या रकान्यात टाकणार?

पण परीक्षेत हे लिहायचं नाही. परीक्षेत पुस्तकातलंच लिहायचं: भित्तिका आहे/नाही, लवकं आहेत/नाहीत, रिक्तिका एक मोठी/असल्या तर लहान, केंद्रक कडेला/साधारण मध्ये, तारककाय नाही/आहे. गुण तिथे मिळतात. त्याला माझी हरकत नाही, फक्त प्रत्येक ओळीपुढे 'का?' विचारलं तर लेकीला एक वाक्य बोलता आलं पाहिजे.

विज्ञान प्रदर्शनासाठी मॉडेल करायला सांगितलं असेल तर थर्माकोलच्या मागे लागू नका. चपलांचा खोका म्हणजे भित्तिका, आत पातळ प्लास्टिकची पिशवी म्हणजे प्रद्रव्यपटल, त्यात पाणी भरून गाठ मारलेली दुसरी पिशवी म्हणजे रिक्तिका. ही दुसरी पिशवी खोक्याचा बहुतेक भाग व्यापेल इतकी मोठी ठेवा, म्हणजे बाकी सगळं आपोआप कडेला जाईल. बाजारात मिळणाऱ्या मॉडेलमध्ये रिक्तिका हमखास छोटी दाखवतात. प्राणी पेशीला फक्त पिशवी, खोका नाही. टेबलावर ठेवली की ती पसरेल. पसरू द्या.

कितपत शिकवायचं, हे शेवटी राहिलं. सातवीला गॉल्जी आणि आंतर्द्रव्यजालिकेची नावं आणि एका वाक्यात काम, एवढं पुरे. पेशीअंगकं आठवीत सविस्तर येतातच. लयकारिकांबद्दल (टाकाऊ गोष्टी पचवणाऱ्या अंगकांबद्दल) पुस्तकात असेल तेवढंच, वनस्पतीत त्यांचं बरंचसं काम रिक्तिका करते हे तुम्हाला माहीत असलं म्हणजे झालं. पेशीविभाजन आपण होऊन काढू नका. तिने विचारलं तर एवढं सांगा की प्राणी पेशी मधून आवळली जाऊन दोन होतात आणि वनस्पती पेशीत मधोमध नवी भिंत बांधली जाते, कारण कडक भित्तिका आवळता येत नाही. बघायचंच म्हणाली तर लसणाची पाकळी पेल्यातल्या पाण्यावर टेकवून ठेवा. मुळं फुटली की विभाजन चालतं ते त्यांच्या टोकाच्या एक-दोन मिलिमीटरमध्ये. पण ती टोकं आम्लात ऊन करून, वेगळ्या रंगात ठेवून, दाबून बघावी लागतात. ते घरी करायचं नाही, मुळं डबीत घालून शाळेच्या प्रयोगशाळेत द्या.